बोर्डाला फवारणीची गोष्ट सांगितलीच नाहीस

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, वय 25. 2019 साली फौजेत शिपाई म्हणून भरती झाला, आज लान्स नायक आहे. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. शिक्षण बारावी, मराठी शाळेतून. अधिकारी होण्यासाठी जवानांना असलेली एसीसीची (आर्मी कॅडेट कॉलेजची) लेखी परीक्षा तो पास झाला आणि दोनदा एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डाच्या पाच दिवसांच्या चाचणीला, जाऊन आला. पहिल्या वेळी पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये बाहेर पडला, दुसऱ्या वेळी पाचही दिवस राहिला, पण कॉन्फरन्सनंतर नाव पुकारलं गेलं नाही. बॅरेकमधली पोरं त्याला 'जनरल साब' म्हणून हाक मारतात. वडील म्हणतात, "पक्की नोकरी हाय, काहून जीव जाळतं बाप्पा? जे भेटलं ते सांभाळ." घरच्यांनी मुलगीही पाहून ठेवली आहे. मोठ्या शहरातल्या कोचिंगसाठी कर्ज काढायचा त्याचा विचार आहे. तो विचारतो, "अधिकाऱ्यात जे लागतं ते माझ्यात नाही, हे बोर्डाने दोनदा सांगितलं. आता थांबू का?"

प्रिय मित्रा,

वयाने मोठा आहे आणि नोकरीनेही, म्हणून तुला अरे-तुरे करतो. माझी सगळी नोकरी फौजेच्या एज्युकेशन कोअरमध्ये, जवानांना शिकवण्यात गेली. त्यामुळे तुझ्या पत्रातली बॅरेक मला अनोळखी नाही. रोल कॉलनंतर लाइट गेल्यावर मोबाइलच्या उजेडात इंग्रजी शब्द पाठ करणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि शेजारच्या चारपाईवरून त्यांना टोमणे मारणारीही.

तुझं पत्र लांब आहे. बहुतेक पानं इंग्रजी, कोचिंग आणि वय यांवर खर्ची पडली आहेत. मध्येच एका ठिकाणी "आमच्यासारख्याकडे सांगण्यासारखं काय असते" असं म्हणून तू चार ओळी लिहिल्यास आणि पुढे गेलास. माझं सगळं उत्तर त्या चार ओळींवर उभं आहे, म्हणून त्या वाचकांसाठी इथे देतो.

2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना तुझ्या शेजारचे काका चक्कर येऊन पडले. तोंडातून फेस, डोळे धूसर. तू त्यांना मोटारसायकलवर मध्ये घेतलंस, मागे त्यांच्या मुलाला बसवलंस, काकांना दुपट्ट्याने स्वतःच्या कमरेला बांधलंस आणि यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलंस. निघताना औषधाचा रिकामा डबाही बरोबर घेतलास, म्हणजे डॉक्टरांना विष कोणतं ते कळेल. काका वाचले. दुसऱ्या दिवशी तू गावातली पोरं जमवलीस आणि घरोघरी जाऊन सांगितलंस, की तोंडाला कापड बांधल्याशिवाय आणि वाऱ्याच्या विरुद्ध कोणी फवारणार नाही. ज्यांनी ऐकलं नाही त्यांचे पंप उचलून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेवलेस. लोकांनी शिव्या दिल्या. तुझ्या वडिलांनीही दिल्या, कारण बोंडअळी वाट पाहत नाही. तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास.

त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ते सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि तू नुसता बघत बसला नव्हतास.

आता तुझ्याच पत्रातला दुसरा प्रसंग. एसएसबीच्या मुलाखतीत तुला विचारलं गेलं, की तुमच्या भागातल्या शेतकऱ्याची अडचण काय आहे? तू गाइडमधला शेतीच्या समस्यांवरचा उतारा इंग्रजीत म्हणायला सुरुवात केलीस, तिसऱ्या वाक्याला अडकलास, घाम फुटला. बाहेर आल्यावर ठरवलंस, की इंग्रजीने घात केला.

मला तसं वाटत नाही. साडेतीन एकर कोरडवाहूतल्या पोराने कापसाबद्दल पाठ केलेला उतारा म्हणावा, हे समोरच्या माणसाला खटकलं असणार. 2025-26 च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. तुझ्या बापाने गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला किती भावाने दिला आणि का दिला, सरकारी खरेदी केंद्रावर नेऊन का नाही विकला, गाडीभाडं किती, पैसे हातात कधी पडतात, हे तुझ्याइतकं त्या खोलीत कोणाला ठाऊक होतं? ते तू मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं असतंस, तरी ऐकणारा खुर्चीत पुढे सरकला असता.

बोर्ड कसं पाहतं ते नीट समजून घे, कारण बरीच पोरं इथेच फसतात. पाच दिवसांत तुला तीन माणसं वेगवेगळी तपासतात: मानसशास्त्रज्ञ, मैदानावर गटाची कामं देणारे जीटीओ आणि मुलाखत घेणारे अधिकारी. मन, वाणी आणि कृती. एसएसबीवाले यालाच 'मनसा, वाचा, कर्मणा' म्हणतात. शेवटच्या दिवशी कॉन्फरन्समध्ये तिघांची मतं एकत्र येतात. तिघांना एकच माणूस दिसला तर काम होतं. तुझ्या बाबतीत काय झालं असावं, याचा अंदाज तुझ्या पत्रावरूनच येतो. मैदानावर तू दोरखंड आणि फळ्या घेऊन गट पार नेलास, लोकांनी तुझं ऐकलं, हे तूच लिहिलं आहेस. म्हणजे कृतीत एक माणूस दिसला आणि मुलाखतीत दुसराच. कागदावर तर तिसरा दिसला असेल, कारण तू म्हणतोस की शब्दांवरची वाक्यंही पाठ करून गेला होतास. त्या परीक्षेत एकेक शब्द दाखवतात आणि त्यावर लगेच वाक्य लिहायचं असतं: 60 शब्द आणि प्रत्येकाला 15 सेकंद. प्रसंगांच्या परीक्षेत 60 प्रसंग आणि अर्धा तास. हा वेग मुद्दाम ठेवलेला आहे. पाठ केलेलं वीस-पंचवीस शब्दांपर्यंत पुरतं, मग खरा माणूस बाहेर येतो, आणि दोघांचं जमत नाही हे तपासणाऱ्याला कागदावरच दिसतं. पोळ्याला झूल घातलेला बैल सगळेच बघतात. बोर्ड पेरणीतला बैल बघायला बसलेलं असतं.

म्हणून "माझ्यात ते नाही असं बोर्डाने सांगितलं" हे तुझं वाक्य मला मान्य नाही. त्या वेळी तुझ्यातलं जे दिसलं त्यावरून बोर्डाने शिफारस केली नाही, एवढंच खरं आहे. पहिल्यांदा पहिल्या दिवशी परत आलास आणि दुसऱ्यांदा शेवटपर्यंत टिकलास, ही घसरण नव्हे. दोन-तीनदा परत आलेली माणसं पुढे निवडली जाणं ही एसएसबीत रोजची गोष्ट आहे.

अधिकाऱ्याची जात वेगळी, घर वेगळं, बोलणं वेगळं, असंही तुझ्या मनात आहे. तू ते उघड लिहिलं नाहीस, पण ओळींमधून जाणवतं. 1932 मध्ये देहरादूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी (आयएमए) सुरू झाली. सॅम माणेकशा ज्या पहिल्या तुकडीत होते, तिच्यात शिपायातून वर आलेले जवानही होते. त्याआधी 1929 मध्ये मध्य प्रदेशातल्या नौगावला अशा जवानांच्या तयारीसाठी किचनर कॉलेज निघालं. 1960 मध्ये तिथेच आर्मी कॅडेट कॉलेज झालं, पुढे ते पुण्यात आणि 1977 मध्ये देहरादूनला गेलं. तू ज्या एसीसीसाठी धडपडतो आहेस ते हेच. तिथे तीन वर्षं शिकून जेएनयूची पदवी आणि मग आयएमएत एक वर्ष. शिपायातून अधिकारी होण्याची वाट फौजेने स्वतः बांधून ठेवली आहे, तू मागच्या दाराने शिरत नाहीस.

वयाचं गणितही तू जरा घाबरून मांडलं आहेस. एसीसीला 20 ते 27 वर्षं, किमान दोन वर्षं नोकरी आणि बारावी लागते. तू पंचवीसचा आहेस आणि कोर्स वर्षातून दोनदा सुरू होतात, म्हणजे वेळ थोडा आहे, पण आहे. तो निघून गेला तरी दार लागत नाही. 28 ते 35 वयात स्पेशल कमिशन्ड ऑफिसर ही एंट्री आहे, तिला पाच वर्षांची नोकरी लागते आणि ती तुझी आताच झाली आहे. दहा वर्षांच्या नोकरीनंतर परमनंट कमिशन स्पेशल लिस्टचीही वाट आहे. गावात निवृत्त सुभेदाराला 'कॅप्टन साहेब' म्हणतात तो मान वेगळा. तो नोकरीच्या शेवटी दिला जाणारा मानद हुद्दा असतो, त्याची आणि या वाटांची गल्लत करू नकोस. तुझ्या डोक्यात सत्ताविसावा वाढदिवस फाशीच्या तारखेसारखा बसला आहे, तो आधी काढ. त्या धास्तीने माणूस घाई करतो, घाईत कोचिंग शोधतो आणि कर्ज काढतो.

कर्ज काढू नकोस, हे मी अगदी ठामपणे सांगतो. कोचिंगमधून परीक्षेची ओळख होते, मैदानाचा सराव होतो, पण ती ओळख तुला दोनदा झालेली आहे. तिथल्या ठराविक उत्तरांनी तुझं एकदा नुकसान झालेलं आहे. वर बापाच्या साडेतीन एकरावर आणखी एक बोजा कशाला?

आता वडिलांबद्दल. तू त्यांना आडमुठे म्हटलं आहेस, मला ते धास्तावलेले वाटतात. ज्या माणसाने आयुष्यभर पाऊस आणि भाव दोन्ही दगा देताना पाहिले, त्याच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येतो आहे. त्यांना वाटतं, पोरगा हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला. तू त्यांना 'साहेब व्हायचं आहे' एवढंच सांगतोस. त्यापेक्षा सरळ हिशेब सांग. एसएसबीत नाव आलं नाही तर नोकरीला धक्का लागत नाही, तू जसा आहेस तसा युनिटमध्ये परत येतोस. निवड होऊन एसीसीत गेलास तर पगार चालू राहतो. तिथे टिकला नाहीस तरी युनिटलाच परत. शिपायाचं मूळ वेतन 21,700 पासून सुरू होतं, लेफ्टनंटचं 56,100 पासून. हे आकडे पुढच्या सुट्टीत कागदावर लिहून दाखव, आईला बरोबर बसव. आणि एक कबुली दे, की अमुक वर्षापर्यंत मी हे करीन आणि तोवर घरच्या पैशात एक रुपया कमी पडू देणार नाही. बापाला मुदत दिसली की त्याची रात्रीची झोप परत येते.

मुलीच्या घरच्यांशीही तसंच सरळ बोल. मध्यस्थ गावात "जावई साहेब होणार" असं फुगवून सांगत असेल तर ते आजच थांबव. तुझा हुद्दा लान्स नायक आहे, तयारी चालू आहे, जमेलच असं नाही, जमलं तर चार वर्षं प्रशिक्षण आहे. एवढं ऐकून जी मुलगी आणि जे घर हो म्हणेल, तिथेच संसार नीट होईल. लग्न आत्ता की नंतर हे तुम्ही दोघं बोलून ठरवा. ते मी इथून ठरवू शकत नाही आणि तुझ्या मावशीनेही ठरवू नये.

एका गोष्टीवर मात्र मला तुला जरा थांबवायचं आहे. तू लिहिलं आहेस, "एकदा स्टार लागले की गावात आणि युनिटमध्ये कोणी हिणवणार नाही." हिणवल्याचं दुःख खरं आहे, ते मी हलकं करत नाही. पण फक्त त्यासाठी अधिकारी होऊ नकोस. रँकमधून वर आलेले अधिकारी मी जवळून पाहिले. काही जण आपलं शिपाईपण लपवायला इतके धडपडायचे, की जवानांशी सगळ्यात कडक तेच वागायचे. आणि काही असे, की गार्ड ड्यूटी उतरलेल्या पोराचा चेहरा बघून त्यांना कळायचं, याच्या घरून फोन आला आहे. त्यांच्या प्लॅटूनमधली पोरं त्यांच्यासाठी काहीही करायची. यातला कोण व्हायचं, हे एसएसबीच्या आधी ठरवावं लागतं, कारण बोर्ड नेमकं तेच शोधत असतं. पंप उचलताना तुला कोणाची वाहवा नको होती. त्या पोराला जाऊन विचार, तुला अधिकारी का व्हायचं आहे. त्याच्याकडे उत्तर असेल.

आणि वर्षं उलटली, सगळ्या वाटा करून झाल्या, तरी नाही जमलं, तर? तू नायक होशील, हवालदार होशील, नायब सुभेदार होशील. पोस्टवर रात्री दोन वाजता ज्याला उठवतात तो बहुतेक वेळा सुभेदार साहेबच असतो. मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांतले कितीतरी तिथूनच निवृत्त झाले. मन लावून प्रयत्न कर, पण स्वतःला आत्तापासून अपयशी म्हणवून घेऊ नकोस.

तयारीचं सांगतो. आजच मराठीत, तुझ्या नेहमीच्या बोलीत, फवारणीचा तो प्रसंग एका पानावर लिहून काढ. कोण पडलं, तू आधी काय केलंस, डबा का उचललास, दुसऱ्या दिवशी पोरं कशी गोळा केलीस, कोण भांडलं, आज तेच करायचं झालं तर वेगळं काय करशील. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण लोकांचे पंप न विचारता उचलणं बरोबर होतं का, हे तुला मुलाखतीत विचारलं जाऊ शकतं, आणि त्याचं प्रामाणिक उत्तर तुझ्याकडे हवं. मग तेच हिंदीत सांग, मग इंग्रजीत, तीन मिनिटांत, उभं राहून. ऐकायला कोणाला बसवायचं? तुला 'जनरल साब' म्हणणाऱ्यालाच. त्याला म्हण, घड्याळ लाव आणि मी कुठे खोटा वाटलो ते सांग. फौजेतली पोरं मदत मागितली की टोमणे विसरतात. मी हे होताना पाहिलं आहे. असेच आणखी काही प्रसंग शोध: भरतीच्या आधीचे, ट्रेनिंग सेंटरमधले, पोस्टवरचे. जिथे तू चुकलास तेही.

इंग्रजीसाठी जाडजूड शब्दसंग्रह सोडून दे. 'सैनिक समाचार' इंग्रजीत निघतं आणि मराठीतही. तोच मजकूर आधी मराठीत वाच, मग इंग्रजीत, मोठ्याने. युनिटच्या इन्फर्मेशन रूममध्ये इंग्रजी पेपर येतो, त्यातली एक बातमी रोज दोन-तीन वाक्यांत स्वतःच्या शब्दांत सांग. लहान वाक्यं बोल. बोर्डाला तुझं म्हणणं कळलं पाहिजे, ते नटलेलं असायची गरज नाही. कंपनीत वेपन ट्रेनिंगचा किंवा मॅप रीडिंगचा क्लास घ्यायची संधी मिळाली तर माग. नव्या पोरांना समजावताना तुझी भाषाही सुधारेल आणि त्यांच्यापुढे उभं राहायची सवयही लागेल.

तुझ्यासारख्या इतरांसाठीही थोडं लिहितो, कारण वर्धा, वाशीम, बुलडाण्याहून अशी बरीच पत्रं येतात. 2022 नंतर अग्निवीर म्हणून गेलेल्यांनी चार वर्षं नुसती जाऊ देऊ नयेत. चौथ्या भागाएवढेच पुढे घेतले जातात, हे धरूनच चाला. इग्नूची अग्निवीरांसाठी पदवी आहे, तिच्यात निम्मे क्रेडिट नोकरीतल्या प्रशिक्षणाचे धरतात. अठराव्या वर्षी गेलेला बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर आला, तर पदवीधरांना अधिकारी होण्यासाठी असलेली यूपीएससीची सीडीएस परीक्षा त्याला देता येते. आणि पहाटे रस्त्यावर 1600 मीटर पळणाऱ्या, अजून बारावीत असलेल्या पोरांना कोणीतरी एनडीएबद्दल, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीबद्दल, सांगा रे. गावोगाव पोरं भरतीसाठी पायाचे तुकडे करतात, पण बारावीवर थेट अधिकाऱ्याची परीक्षा देता येते हे त्यांच्या कानावरच गेलेलं नसतं. मुलींनाही सांगा, 2022 पासून तिथे त्यांनाही प्रवेश आहे. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतर याच तयारीसाठी मुलं घेते. पदवीधरांसाठी नाशिक रोडला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं केंद्र सीडीएस आणि एसएसबीची तयारी मोफत करून घेतं. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन चौकशी करायला पैसे पडत नाहीत.

परत तुझ्याकडे. या आठवड्यात कंपनी क्लार्कला विचार, एसीसीच्या पुढच्या कोर्सचं पत्र आलं आहे का, आणि आलं असेल तर ते स्वतः वाच, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. बारावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला आणि तुझं सर्व्हिस रेकॉर्ड शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळते का ते बघ. आपल्याकडच्या शाळांच्या दाखल्यांत वडिलांच्या नावाची स्पेलिंग हमखास वेगळी निघते, आणि ती दुरुस्ती शेवटच्या आठवड्यात होत नाही. प्लॅटून हवालदारामार्फत सुभेदार साहेबांना आणि त्यांच्यामार्फत कंपनी कमांडरना मुलाखतीची विनंती कर. त्यांच्यापुढे उभा राहिलास की सांग, दोनदा जाऊन आलो, कुठे कमी पडलो ते आता कळलंय, तिसऱ्यांदा जायचं आहे. युनिटकडून किंवा वरच्या फॉर्मेशनकडून तयारीचा कॅडर, म्हणजे छोटा वर्ग, चालत असेल तर त्यात नाव घालायला सांग. आणि फवारणीच्या त्या पानाची एक प्रत मला पाठव, मी वाचून कळवतो.